नदीकाठच्या गावाभोवतीची भटकंती : आधी परतीची वाट आखा

गावातून नदी वाहत असेल आणि आजूबाजूला टेकड्या-डोंगर असतील, तर घराच्या दारातून निघून दारातच संपणाऱ्या डझनभर तरी वाटा तिथं निघतात. त्यासाठी दोर लागत नाहीत, महागडं सामान लागत नाही. नकाशा लागतो, थोडा हिशेब लागतो आणि एक सवय लागते : कुठं जायचं हे ठरवण्याआधी परत कसं आणि किती वाजता यायचं हे ठरवण्याची.

जाताना आपण ताजेतवाने असतो, उजेड असतो, माथा समोर दिसत असतो. वाट थोडी चुकली तरी निभावून जातं. घोळ होतात ते उतरताना, दुपार कलल्यावर, पाणी संपत आल्यावर, सगळ्यांना घरी जायची घाई असताना. म्हणून हा लेख मी परतीच्या बाजूने लिहिला आहे. चार-पाच किलोमीटर सहज चालता येतं आणि आता गावाबाहेरच्या वाटा धुंडाळाव्यात असं वाटतं, अशा कोणासाठीही तो आहे.

आधी पूल शोधा

नकाशा उघडला की बहुतेकांची नजर थेट सर्वांत उंच टोकाकडे जाते. तिकडे नंतर बघा. आधी नदी ओलांडायच्या जागा शोधा : रस्त्याचा पूल, पादचारी पूल, होडीचा धक्का. नदीकाठची पुष्कळ गावं मुळात जिथं पलीकडे जाणं सोपं होतं तिथंच वसली. त्यामुळे गावात पूल असतो, पण गाव सोडलं की पुढचा पूल कैक किलोमीटर लांब असू शकतो. नदी तुमच्या सगळ्या वाटांचे दोन भाग करते. डोंगर उतरून चुकीच्या काठावर आलात, तर गाव तीनशे मीटरवर समोर दिसतं आणि पोचायला दहा किलोमीटरचा वळसा पडतो. दमलेला माणूस अशा वेळी पाण्यात पाय घालतो. नदीकाठच्या भटकंतीतला सर्वांत घातक निर्णय हाच.

म्हणून प्रत्येक पुलावर पेन्सिलने खूण करा आणि गावापासूनचं अंतर शेजारी लिहा. पाणी वाढलं की बुडणारे बुटके पूल वेगळ्या खुणेने दाखवा. रेल्वेचा पूल या यादीत धरू नका. ज्याच्यावरून पाणी वाहतंय तो बंधाराही धरू नका : त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरून माणसाला पुन्हा पुन्हा खाली ओढतं, आणि वरून ते शांत दिसतं.

ही यादी झाली की पहिला फेरा आपोआप आखला जातो. गावच्या पुलापासून एका काठाने वर जायचं, पुढच्या पुलावरून पलीकडे जायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं. त्याच वाटेने मागे यावं लागत नाही आणि नदी सतत एका बाजूला असल्यामुळे दिशाही चुकत नाही.

नकाशावरचा डोंगर

फोनवरचे नकाशे आता चांगले असतात, पण समोच्चरेषा दाखवणारा नकाशा निवडा आणि तो परिसर आधीच उतरवून ठेवा. डोंगराच्या आडोशाला नेटवर्क जातं. सोबत कागदी नकाशा किंवा निदान छापील प्रत असावी.

समोच्चरेषा म्हणजे सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन या डोंगरावर पृथ्वीची घनता काढण्याचा प्रयोग सुरू झाला. डोंगराचं आकारमान काढायचं काम चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आलं. शेकडो उंचींच्या गर्दीतून डोंगराचा आकार दिसेना, तेव्हा त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोडले आणि डोंगर कागदावर उभा राहिला. आपल्याला नेमकं तेच हवं असतं : घरात बसून डोंगराचा आकार दिसणं.

नकाशाच्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, त्या आधी वाचा : प्रमाण आणि दोन समोच्चरेषांमधलं उंचीचं अंतर. समजा प्रमाण १:५०,००० आहे आणि रेषा दर २० मीटरला आहेत. मग नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. रेषा ४ मिलिमीटर अंतराने असतील तर २०० मीटर चालताना २० मीटर चढ, म्हणजे गप्पा मारत चढता येईल असा. रेषा १ मिलिमीटरवर आल्या की ५० मीटरला २० मीटर, साधारण २२ अंशांचा उतार : दम लागणार, पण वाट असेल तर जमेल. एका मिलिमीटरात दोन रेषा बसल्या तर उतार ३९ अंशांच्या आसपास जातो. तिथं हात टेकावे लागतात. फिरायला म्हणून निघालेल्यांनी तो भाग सोडून द्यावा.

एक गोष्ट मात्र नकाशा सांगत नाही. रेषा दर २० मीटरला असतील, तर १५ मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मधे बेमालूम लपू शकतो. रेषा विरळ दिसल्या म्हणून वाट नसलेल्या उतारावरून थेट खाली सुटू नका.

आता रेषांची वळणं बघा. रेषांची टोकं चढाच्या दिशेने गेलेली असतील तर तिथं ओढा किंवा घळ असते. टोकं उताराकडे आलेली असतील तर ती सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. चढायला सोंड निवडा. सोंडेवर वारा असतो, नजर लांबवर पोचते, गाव आणि नदी दिसत राहते. घळीत झाडी दाट, दगड ओले आणि दिसतं फक्त समोरचं वळण.

इथंच परतीची मेख आहे. चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडे एकत्र येतात. कुठलीही धरली तरी तुम्ही वरच पोचता. उतरताना त्याच सोंडा फाकत जातात आणि प्रत्येक फाटा वेगळ्या खोऱ्यात उतरतो. माथ्याजवळ दहा पावलं डावीकडे गेलात तर खाली दोन किलोमीटरचा फरक पडतो. वाट चुकते ती बहुधा उतरताना, आणि तीही अगदी सुरुवातीला. त्यामुळे चढताना जिथं सोंडेला फाटा फुटतो तिथं थांबा, मागे वळा आणि उतरताना ही जागा कशी दिसेल ते बघून घ्या. एखादं वाकडं झाड, फुटलेला खडक, कुंपणाचा खांब लक्षात ठेवा. फोटो काढायचा तर मागे वळून काढा, कारण परतताना तेच दृश्य समोर येणार आहे. हे अर्ध्या मिनिटाचं काम कोणी टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

वेळेचा हिशेब, उलट्या बाजूने

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा मांडला, तो आजही वापरतात. मेट्रिक मापात तो असा : दर ५ किलोमीटरला १ तास आणि त्यावर दर १०० मीटर चढाईला १० मिनिटं. पुढे ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगमूर यांनी त्यात उताराची भर घातली : सौम्य उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा, तीव्र उतारावर तेवढीच अधिक. म्हणजे तीव्र उतार वेळ वाचवत नाही, खातो. भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोब्लर यांच्या १९९३ च्या सूत्रातही माणूस सर्वांत वेगाने चालतो तो अगदी हलक्या, शेकडा ५ च्या उतारावर, ताशी ६ किलोमीटरने. उतार त्याहून वाढला की वेग पुन्हा घटतो. वाट सोडून रानातून चाललात तर वेग तीनपंचमांशावर येतो, असंही ते सूत्र धरतं.

उदाहरण घेऊ. १२ किलोमीटरचा फेरा, एकूण चढ ४५० मीटर, त्यात ३०० मीटरचा एक तीव्र उतार. अंतराची १४४ मिनिटं, चढाची ४५, उताराची १० : मिळून १९९ मिनिटं, साधारण ३ तास २० मिनिटं. पण हा न थांबता चालणाऱ्या सरावाच्या माणसाचा हिशेब झाला. मिश्र वयाच्या गटासाठी मी त्याला १.४ ने गुणतो, त्यात दम खाणं, फोटो, पाणी सगळं येतं. म्हणजे ४ तास ४० मिनिटं. गटाचा वेग नेहमी सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा धरायचा.

आता मागून पुढे या. सूर्यास्त साडेसहाला असेल तर घरी पोचायची वेळ साडेपाच ठरवा. एक तास हाताशी राहतो. त्यातून ४ तास ४० मिनिटं वजा केली की १२ वाजून ५० मिनिटं येतात : यानंतर हा फेरा सुरूच करायचा नाही. दुसरी वेळ याहून महत्त्वाची. माथ्यावरून परत यायला ५ किलोमीटर आणि तो तीव्र उतार असेल, तर ७० गुणिले १.४ म्हणजे सुमारे १ तास ४० मिनिटं. म्हणजे ३ वाजून ५० मिनिटांनी, माथा आलेला असो वा नसो, पाय परत फिरले पाहिजेत. ही वेळ निघण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा. माथा शंभर मीटरवर असताना ती ठरवायला बसलात, तर माथाच जिंकतो.

मधेच अंदाज घ्यायचा असेल तर हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरा. मूठ आकाशात साधारण १० अंश व्यापते आणि सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे सूर्य आणि क्षितिजामध्ये एक मूठ असेल तर जवळपास ४० मिनिटं उरली. विषुववृत्तापासून लांब सूर्य तिरपा मावळतो, तिथं थोडा जास्त वेळ मिळतो. तरी ४० च धरा. आणि क्षितिज म्हणजे समोरचा डोंगर. खोऱ्यात सूर्य पंचांगातल्या वेळेच्या कितीतरी आधी डोंगराआड जातो. थेट सूर्याकडे मात्र पाहू नका.

पहिली वाट : काठाकाठाने

पहिल्या काही फेऱ्या सपाटीवर कराव्यात. चढ नाही, दिशा स्पष्ट, आणि चपला-बूट, पिशवी, आपला वेग या सगळ्यांची परीक्षा घराजवळ होऊन जाते. अंतर मोजताना नकाशावर पट्टी ठेवू नका. दोरा नदीच्या वळणांवरून फिरवा आणि मग तो सरळ करून मोजा. चांगली वळणं घेणाऱ्या नदीची काठाने लांबी सरळ अंतराच्या दीडपट किंवा त्याहून जास्त भरते.

वळणावर नदीचे दोन काठ अगदी वेगळे वागतात. बाहेरच्या बाजूला पाणी काठ कोरतं, तिथं डोह असतो. आतल्या बाजूला गाळ आणि वाळू साचते, पाणी उथळ असतं. असं का होतं ते आइनस्टाइनने १९२६ सालच्या एका लेखात चहाच्या कपावरून समजावलं आहे. चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होते, कारण तळाजवळचा प्रवाह आतल्या बाजूला वळतो. नदीच्या वळणावर तळाचा गाळ तसाच आतल्या काठाकडे जातो. चालणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्यायच्या. बाहेरच्या काठावर अगदी कडेने चालू नका : वर गवत दिसतं, खाली माती पोखरलेली असते. जमिनीत काठाला समांतर बारीक भेग दिसली तर चार पावलं आत सरका. आणि आतल्या काठावरचा ताजा, चकचकीत गाळ पायाखाली घेण्याआधी काठीने दाबून बघा.

काठावरची झाडं जवळून बघायची सवय लावा. खोडावर एका ठराविक उंचीपर्यंत मातीचा फिकट लेप असतो. फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात आणि सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला, प्रवाहाकडे वळलेलं असतं. ती मागच्या पुराची पातळी. ती तुमच्या डोक्याच्या वर असेल तर त्या पट्ट्यात बसायचं कुठं, सामान ठेवायचं कुठं याचा विचार तसाच करा.

पाणी वाढायला तुमच्या डोक्यावर पाऊस पडावाच लागत नाही. वरच्या खोऱ्यात पडला, धरणातून सोडलं, तरी ते काही तासांनी येतं. खुणा ठरलेल्या आहेत : स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं, पानं आणि काटक्या वाहत येऊ लागतात, मघाशी कोरडे असलेले दगड ओले दिसतात, आवाज जड होतो. यातलं एकही दिसलं की पात्रातून बाहेर पडा आणि काठाने पुढे न जाता सरळ वर चढा.

नदीचं पाणी पिऊ नका. गावाच्या खालच्या अंगाचं तर मुळीच नाही. नाइलाज असेल तर खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं उकळा. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत.

ओढा आडवा आला तर

नदी चालत ओलांडायची नाही. हा नियम मी कोणासाठी मोडणार नाही. डोंगरातले ओढे मात्र आडवे येतातच. तिथं आधी काठी किंवा पान पाण्यात टाका आणि काठाने त्याच्याबरोबर चाला. ते तुमच्या पुढे गेलं तर उतरू नका. पाणी गुडघ्याच्या वर असेल तरीही उतरू नका, तळ दिसत नसेल तरीही नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा रेटा चौपट होतो, त्यामुळे सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी थोडासाच वाढलेला दिसला तरी तो तोच ओढा राहिलेला नसतो.

जागा निवडताना अरुंद नको, रुंद निवडा; रुंद ठिकाणी पाणी पसरून उथळ होतं. वळण नको, आणि खाली धबधबा किंवा आडवं पडलेलं झाड नको. मोजे काढा, बूट घालूनच उतरा. पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी समोर रोवलेली, आणि एका वेळी एकच पाय उचलत बाजूबाजूने सरका. आणि पलीकडे पाऊल टाकण्याआधी स्वतःला विचारा : चार तासांनी हाच ओढा परत ओलांडायचा आहे का? असेल आणि आभाळ भरलेलं असेल, तर त्या दिवशी अलीकडेच राहा.

डोंगरावर : वाट वाचणं

पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच मळलेली वाट असं क्वचितच असतं. ढोरवाटा, लाकूडफाट्याच्या वाटा, पाण्याने पाडलेल्या चऱ्या अशा सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. ढोरवाट ओळखायला शिका, कारण फसवते तीच. गुरं चरत चरत उताराला आडवी जातात, त्यामुळे त्यांच्या वाटा एकाखाली एक समांतर असतात आणि चाऱ्याच्या जागी पोचल्या की विरून जातात. माणसांची वाट कुठंतरी पोचण्यासाठी असते : ती चढते, वळणं घेते, पण एकच राहते. दगडांकडे बघा. बुटांनी घासलेल्या दगडाचा माथा गुळगुळीत आणि शेजारच्या दगडांपेक्षा फिका असतो, त्यावर शेवाळ नसतं. मग फांद्यांकडे बघा. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या किंवा छाटलेल्या असतात. वाट पायाखाली स्वच्छ आहे आणि छातीच्या उंचीवर फांद्या आडव्या येत आहेत, तर तिथून गुरं जातात, माणसं नाहीत.

वाट हरवली असं वाटलं तर पुढे जाऊन शोधू नका. थांबा, पाणी प्या आणि शेवटची खात्रीची जागा आठवून तिथपर्यंत मागे जा. ओढा धरून खाली उतरलं की नदी आणि गाव येईलच, हा विचार फार मोहात पाडतो. ओढा खाली जातो हे खरं, पण तो कड्यांवरून उड्या मारत जातो. दोन लहान टप्पे घसरत उतरायचे, मग खाली मोठा कडा आणि मागे चढता येत नाही, अशी कोंडी होते. सोंडेवर परत चढण्याची मेहनत नेहमी परवडते.

उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या आणि खड्यांच्या उतारावर, पाऊल आडवं टाका, गुडघे किंचित वाकवा, पावलं छोटी ठेवा. मागे रेलू नका. रेललात की टाच सुटते. एकाच्या खाली दुसरा असे चालू नका, सुटलेला दगड खालच्यावर जातो. वाळलेल्या पानांचा थर दगडावर असेल तर तो ओल्या शेवाळाइतकाच निसरडा समजा. दोन काठ्या असतील तर उतरताना लांब करा, चढताना आखूड. गुडघे दुखणाऱ्यांना फरक लगेच कळेल.

हवा, धुकं, विजा

उंची १,००० मीटर वाढली की हवा सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते. ४०० मीटरच्या टेकडीवर फरक अडीच अंशांचाच, पण माथ्यावरचा वारा घामाने भिजलेल्या अंगाला तो कितीतरी जास्त जाणवून देतो. माथ्यावर पोचल्या पोचल्या, थंडी वाजायच्या आधी, एक कपडा चढवा.

नदीकाठच्या गावात पहाटेचं धुकं बघून बेत रद्द करू नका. रात्री थंड जड हवा डोंगरउतारांवरून खोऱ्यात साठते, नदीची वाफ तिला मिळते आणि तळाशी धुकं धरतं. वर पुष्कळदा लख्ख ऊन असतं आणि दिवस चढला की खालचंही विरतं. दुपारी माथ्यावर उतरणारे ढग ही वेगळी गोष्ट. ते आले की दिसणारा परिसर हरवायच्या आत परत फिरा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे : माथा, सोंड आणि पाणी सोडा. एकट्या झाडाखाली जाऊ नका, घोळक्याने उभे राहू नका, काठ्या हातात धरू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबूनच पुढे निघा.

पाठीवर आणि पायात

यादी लहान आहे. पाणी (माणशी, तासाला अर्धा लिटर, उन्हात जास्त), खायला, वाऱ्यापावसाचा एक कपडा, डोक्याला लावायची विजेरी (दिवसाच्या फेरीलाही), शिट्टी, चिकटपट्टी आणि मलमपट्टी, नकाशा, चार्ज केलेला फोन. नेटवर्क नसलेल्या भागात फोन एअरप्लेन मोडवर टाका. जीपीएस चालतं, आणि नेटवर्क शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते.

बूट दुपारी विकत घ्या, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. आणि जाड मोजे घालून बघा. उतारावर बोटं पुढे आदळली तर नखं काळी पडतात, म्हणून पुढे बोटभर जागा हवी. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात; लोकरीचे किंवा सिंथेटिक वापरा. टाचेला एका जागी गरम वाटायला लागलं की तो फोडाचा पहिला निरोप असतो. त्याच क्षणी थांबून, पाय कोरडा करून, तिथं चिकटपट्टी लावा. गटाला थांबवायचा संकोच नको.

कोणाला तरी सांगून निघा

घरी एका माणसाकडे तीन गोष्टी लिहून ठेवा : वाट कोणती, परतायची वेळ कोणती, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच राहून जाते. परत आलात की लगेच कळवा.

डोंगरातला संकटाचा इशारा सोपा आहे : एका मिनिटात सारख्या अंतराने सहा शिट्ट्या किंवा विजेरीचे सहा झोत, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच. उत्तर मिनिटाला तीन. ब्रिटिश गिर्यारोहक क्लिंटन डेंट यांनी सुचवलेली ही पद्धत १८९४ सालापासून आल्प्समध्ये रुजली आणि पुढे सगळीकडे पसरली. लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्या गळ्यात शिट्टी घाला आणि हे पाठ करून घ्या. आपत्कालीन क्रमांक आधीच माहीत करून घ्या. भारतात आणि युरोपीय संघात तो ११२ आहे.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर रुग्णालयात न्या. चावूच नये म्हणून आडव्या ओंडक्यावरून थेट पलीकडे उडी न टाकता आधी ओंडक्यावर पाय ठेवा, पलीकडे बघा, मग उतरा.

शेतं आणि गुरं

गावाबाहेरच्या वाटा बहुधा कोणाच्या तरी जमिनीतून जातात. उभ्या पिकातून चालू नका, बांधावरून एकामागे एक जा. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद असेल तर मागे बंद करा. शेतात कोणी दिसलं की थांबून पुढची वाट विचारा. नकाशात नसलेली कोसळलेली दरड, वाहून गेलेला साकव आधी त्यांनाच कळलेला असतो. गाय आणि तिचं वासरू यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. सोबत कुत्रा असेल तर दोरीला बांधलेला हवा. पण गाय अंगावर आलीच तर त्याची दोरी सोडा, तो पळून सुटतो आणि तुम्हीही.

वाटा वाढवताना

काठाचे फेरे पायाखालचे झाले की मग एक सोंड चढून दुसऱ्या सोंडेने उतरायचे फेरे घ्या. दुसरी सोंड आधी एकदा खालून वर चढून बघितलेली असावी, म्हणजे उतरताना ती अनोळखी राहत नाही. त्यानंतर माझा सर्वांत आवडता प्रकार : वाहनाने नदीच्या वरच्या अंगाला जायचं आणि चालत गावाकडे यायचं. वेळापत्रकाची धास्ती सकाळीच संपते, उतार बाजूने असतो आणि प्रत्येक पाऊल घराकडे पडतं. वृद्ध माणसं आणि लहान मुलं असलेल्या गटांना याहून चांगला बेत मला माहीत नाही, कारण कंटाळा आला तर मधल्या कुठल्याही पुलावरून रस्त्याला लागता येतं.

प्रत्येक फेरीनंतर एका वहीत दोन आकडे लिहा : नाइस्मिथच्या हिशेबाने आलेली वेळ आणि प्रत्यक्ष लागलेली वेळ. दुसऱ्याला पहिल्याने भागा. काही फेऱ्यांनंतर तुमच्या गटाचा स्वतःचा गुणक हाती येतो, माझ्या १.४ ऐवजी तो वापरा. उन्हाळ्याचा आणि पावसानंतरच्या चिखलाचा गुणक वेगळा लिहा, आणि नवा माणूस गटात आला की पुन्हा १.४ पासून सुरू करा.